खुलासा कुणी लिहायचा

बब्रुवान हवालदारांसारखा खुलासा लिहिणारा माणूस भूमपासून उमरग्यापर्यंत शोधून सापडला नसता. ठाण्यात काही चुकलं, वरून विचारणा आली, की साहेब बेल मारायचे. "हवालदार, तेवढं तुमच्या नावावर घ्या." की हे बसलेच कोरा कागद घेऊन. 'सदर प्रकार माझ्याकडून नजरचुकीने घडला, पुन्हा घडणार नाही, तरी क्षमा असावी.' अक्षर असं मोत्यासारखं, की वाचणाऱ्याला शिक्षा करायचं जिवावर यावं. तरी करायचेच म्हणा! अठ्ठावीस वर्षांत नऊ ठपके खाल्ले या माणसानं. त्यातले स्वतःचे किती, हे विचारू नका. साहेब बदलून जायचे, ठपके यांच्या सेवापुस्तकात राहायचे.

आता मात्र गोष्ट निराळी होती. सहायक फौजदाराच्या बढतीच्या यादीत त्यांचं नाव लागलं होतं. अजून एक ठपका आला की ते नाव गेलंच म्हणून समजा, आणि रिटायर व्हायला उरली होती दोन वर्षं. बायको धुरपताबाईंनी तर सगळ्या भावकीत सांगूनही टाकलं होतं. एवढा धीर कुठला निघायला!

ठाण्याच्या प्रमुख होत्या शिवांजली मॅडम. वय बत्तीस, येऊन दोनच महिने झालेले. बाई मनानं चांगली, पण भारी घाईची. सोमवारी सकाळी त्यांनी कोर्टाचं वॉरंट बब्रुवानच्या हातात ठेवलं.

"श्रीमंत उत्तरेश्वर बिराजदार. कोर्टाच्या तारखांना हजर राहत नाही. दुपारपर्यंत माणूस इथं पाहिजे."

बब्रुवाननी कागद वाचला. "मॅडम, ह्या पत्त्यावरच्या गावात श्रीमंत उत्तरेश्वर दोन हायेत. एकाच भावकीतले. एक शेती करतो, दुसरा ट्रकवर असतो हैदराबादकडं. हे झेंगट ट्रकवाल्याचं असणार."

"हवालदार, उद्या एसपी साहेबांची मीटिंग आहे. जिल्ह्यात सगळ्यात जास्त वॉरंटं आपल्याकडं पडून आहेत. आधी आणा, मग बघू."

आता इथं बब्रुवाननी अडून बसायला हवं होतं की नाही? पण हुकूम म्हटला की त्यांचे पाय आपोआप जिपेकडं वळायचे. गेले.

ट्रकवाला गावात नव्हताच. घरी होता तो शेतकरी श्रीमंत, आणि त्याच्या दारात मांडव घातलेला. पोरीची, हर्षालीची, सुपारी फुटायची होती, लग्न पक्कं व्हायचं होतं. मुरुम गावाहून मुलाकडचे पाहुणे येऊन बसलेले, चुलीवर गव्हाच्या खिरीची, हुग्गीची, कढई शिजत होती. श्रीमंतनं हात जोडले. "त्यो म्या न्हाय ओ, हवालदार. तुमी तर वळखता मला!" ओळखत होतेच. तरी त्याला जिपेत बसवलं, सगळ्या पाहुण्यांदेखत.

ठाण्यात मॅडमनी मूळ गुन्ह्याचे कागद काढून बघितले. त्यातला श्रीमंत चौतीस वर्षांचा ट्रक ड्रायव्हर. समोर बाकावर बसलेला पन्नाशी उलटलेला, हळदीचे डाग पडलेला पांढरा सदरा घालून. मॅडमच्या तोंडचं पाणीच पळालं. तेवढ्यात गावातून सरपंचांचा फोन आला, "मॅडम, पाव्हणे उठायलेत. पोलिसानं नेलेल्याची पोरगी करायची न्हाय म्हणायलेत." तो ठेवतात न ठेवतात तोच वरच्या ऑफिसचा फोन. तक्रार तिकडंही पोचली होती. चूक कुणाची, ते संध्याकाळपर्यंत लेखी कळवा.

बब्रुवान कपाटाकडं गेले. कोरा कागद काढला, टोपी बाजूला ठेवली आणि लिहायला बसले. बढती गेली. धुरपताला कुठल्या तोंडानं सांगायचं? पण पेन आपलं चाललंच होतं. सवय लई वाईट हो.

"हे काय लिहिताय?" मॅडमनी विचारलं.

"खुलासा. नजरचुकीनं झालं म्हणून."

"कुणाच्या?"

"माझ्याच की, मॅडम. दुसऱ्या कुणाची असती व्हय कधी?"

मॅडमनी त्यांच्यापुढचा कागद काढून घेतला. मग म्हणाल्या, "पेन ठेवा अन् उठा. पाहुणे निघायच्या आत पोचायचंय. श्रीमंतराव, तुम्ही पुढं बसा."

जीप पोचली तेव्हा मुरुमचे पाहुणे चपला घालत होते. मॅडम तडक मांडवात शिरल्या आणि वर्दीतच त्यांनी हात जोडले. "मी या ठाण्याची प्रमुख. श्रीमंतरावांवर कसलाही गुन्हा नाही. त्याच नावाच्या दुसऱ्या माणसाचं वॉरंट होतं. आम्ही चुकीच्या माणसाला नेलं. माफी मागायला आलेय."

मुलाचे वडील शिवशरण म्हणजे एक नंबरचे खवचट. त्यांनी बब्रुवानकडं बोट केलं. "म्हंजे ह्या हवालदारानं घोळ घातला म्हणा की! दरवेळी खालच्याचंच चुकतंय, न्हाय का?"

बब्रुवाननी मान खाली घातली. व्हायचं ते आता होऊन जाऊ दे, असं त्यांना झालं.

"नाही," मॅडम म्हणाल्या. "यांनी मला सकाळीच सांगितलं होतं, गावात दोन श्रीमंत आहेत. मला मीटिंगची घाई होती, मी ऐकून घेतलं नाही. हुकूम माझा होता, चूकही माझी. वरही तसंच लिहून देणार आहे, माझ्या सहीनं. यांच्या बढतीला धक्का लागणार नाही."

बब्रुवाननी मांडवाची मेढ धरली. आजवर एकाही साहेबानं त्यांच्याकडचा कागद असा काढून घेतला नव्हता. रडू येतंय की हसू, तेच कळेना.

शिवशरणनी पायातली चप्पल काढून बाजूला सारली. "पोलिसानं 'चुकलो' म्हणल्यालं म्या ह्या जन्मात ऐकलं नव्हतं. बसा मॅडम, जेवूनच जायचं. ओ व्याही, उभं काय ऱ्हायलाव? आना की सुपारी!"

सुपारी फुटली. आतल्या खोलीत रडून रडून डोळे सुजलेली हर्षाली बाहेर आली ती नव्या साडीतच. पंगत बसली. श्रीमंतची बायको सखूबाई हुग्गी वाढत वाढत आली, आणि बब्रुवानच्या ताटापुढं पळी हातात धरून थांबली.

"मॅडमची माफी मागून झाली, हवालदार. तुमाला तर ठावं हुतं. आमच्या शेतात हुरडा खाऊन गेलाव तुमी. तरी नेलाव."

हुकूम होता, असं बब्रुवानच्या ओठावर आलं होतं. पण हुकुमाचं तर मॅडमनी सगळ्यांसमोर स्वतःच्या अंगावर घेतलं होतं. आता उरलं होतं ते एवढंसंच, आणि ते यांचं एकट्याचं होतं.

"व्हय वहिनी," ते म्हणाले. "ठावं हुतं मला. न्यायला नको हुतं. चुकलं माझं."

बोलून झाल्यावर किती हलकं वाटलं म्हणून सांगू! सखूबाई काही हसल्याबिसल्या नाहीत. त्यांनी ताटात दोन पळ्या हुग्गी घातली आणि वरून तुपाची धार सोडली.

"खावा आता," त्या म्हणाल्या, "निवतीय ती."