बाजू निवडा

कृत्रिम पाय बनवायच्या घरच्या छोट्या कारखान्यात एका माणसासाठी चुकीच्या बाजूचा पाय तयार झाला, आणि थोरल्या सुनेच्या डोक्यात भुंगा शिरला. मापाच्या चिठ्ठीवर सासऱ्यांनी नुसता 'ड' लिहिला होता. साचे ओतणाऱ्या धाकट्या दिराने तो 'उ' वाचला. पाय तसा देखणा उतरला होता, पण चार आठवडे वाट पाहिलेला तो माणूस कुबड्या सावरत, एक शब्द न बोलता निघून गेला. तो चार शिव्या देऊन गेला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

कारखान्याचे फोन आणि नोंदी तीच सांभाळायची. तिने ठरवलं, आजपासून चिठ्ठ्या बंद. दोन दिवस डोळे फोडून ती स्प्रेडशीटमध्ये फॉर्म करायला शिकली. एका शीटवर याद्या, दुसऱ्यावर फॉर्म. 'बाजू'च्या चौकटीवर गेलं की बाण दिसायचा, बाण दाबला की दोनच शब्द: डावा, उजवा. पाय 'कुठून' कापलाय त्या चौकटीतही दोनच: गुडघ्याखाली, गुडघ्यावर. तिसरं काही लिहिलं की शीट ते घेतच नसे. तिला वाटलं, चला, सुंठीवाचून खोकला गेला.

खोकला कसला जातोय! पहिल्याच दिवशी दीर ओरडला, "वहिनी, ही तुमची तिजोरी उघडत नाही!" कोणी याद्या बिघडवू नयेत म्हणून तिने शीटला कुलूप लावलं होतं, आणि भरायच्या चौकटी मोकळ्या सोडायला विसरली होती. ते निस्तरलं. दुसऱ्या दिवशी दिराने जुन्या फाइलमधली ओळ उचलून फॉर्मवर चिकटवली. बाण गायब. 'बाजू'च्या चौकटीत आता लिहिलेलं होतं: 'डावी, बहुतेक'.

"बहुतेक?" ती म्हणाली. "भाऊजी, माणूस समोर बसलेला असताना बहुतेक?"

"समोर नव्हता. फोनवर होता."

"मग फोनवर विचारायचं!"

तिसऱ्या दिवशी तिने नोंदी तपासल्या, तर नऊच्या नऊ माणसांचा पाय डावा. यादीत डावा पहिला होता आणि दिराने पहिलं दिसेल ते दाबलं होतं. तिने नऊ जणांना फोन केले. चौघांचा उजवा निघाला. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण दिराला बोलून उपयोग नव्हता. पालथ्या घड्यावर पाणी.

चौथ्या दिवशी तिने सासऱ्यांनाच संगणकापुढे बसवलं. अख्खी वस्ती त्यांना पायवाले म्हणायची. त्यांच्या बोटांना प्लास्टरची पूड कायमची लागलेली. थोड्या वेळाने ती आत आली तर फॉर्म कोरा आणि पडद्यावर चिकटपट्टीने डकवलेली चिठ्ठी: 'गुडघ्यातून. यादीत नाही.'

"बाबा, पुन्हा चिठ्ठी? मी चार दिवस इथे उगाच डोकेफोड करतेय का?"

"या बाईंचा पाय गुडघ्याच्या सांध्यातून काढलाय," ते शांतपणे म्हणाले. बाकावर एक शिवणकाम करणारी बाई पदर सावरत बसली होती. "वरही नाही, खालीही नाही. मी काय दाबू?"

"दोन्हीतलं जवळचं दाबा!"

"जवळचं? पाय मी कापत नाही, सूनबाई, डॉक्टर कापतात. आणि तेही तुझी यादी बघून नाही."

बाई खाली बघायला लागली. सुनेचे कान तापले. ती मोरीपाशी गेली आणि धुतलेला कप पुन्हा धुतला. राग सासऱ्यांवर होता, दिरावर होता, त्या मेल्या बाणावर होता. कप तिसऱ्यांदा धुताना तिला कळलं की ही यादी करताना तिने कोणालाच विचारलं नव्हतं. आठ वर्षं या घरात, पण प्लास्टरच्या टेबलापाशी उभं राहून 'पाय किती तऱ्हेचे असतात हो?' असं विचारायचं तिला कधी सुचलं नव्हतं.

ती परत येऊन खुर्ची ओढून बसली. "सांगा. कुठून कुठून असतं?"

पायवाले बोटांवर मोजत अकरा प्रकारांपर्यंत गेले.

"अकरा! यादी आहे की मारुतीचं शेपूट?"

घासाघीस झाली. पाच प्रकार यादीत राहिले, बाकीच्यांसाठी 'शेरा' नावाची मोकळी चौकट. 'बाजू'च्या यादीत तिने डाव्याच्याही वर 'विचारून निवडा' असं घातलं. तेच राहिलं तर चौकट लाल व्हायची.

मग पायवाले पुन्हा माऊस धरून बसले. एका बोटाने, एकेक अक्षर. प्रत्येक चौकटीला ते थांबायचे, वळून बाईंना विचारायचे, एकदा तर उठून पाय बघून आले. बाहेर तिघं ताटकळले होते. सासऱ्यांच्या हातून माऊस हिसकावून घ्यावा असं तिला दहा वेळा वाटलं. तिने स्वतःचे हात मांडीखाली दाबून ठेवले.

शेवटी 'उजवा' आला, 'गुडघ्यातून' आलं, मापंही बसली. पायवाल्यांनी समाधानाने मान हलवली आणि वरच्या कोपऱ्यातली फुली दाबली. संगणकाने विचारलं, जतन करायचं का? त्यांनी 'नाही' दाबलं.

पडदा रिकामा झाला.

"गेलं होय?" पायवाले म्हणाले. चष्मा पुसून त्यांनी पुन्हा डोळ्यांवर चढवला. "असू दे, परत भरू. बाई, उजवाच ना तुमचा?"