गोळ्या किती, भेट किती

हृदय कमजोर झालेल्या रुग्णांना परिचारिकेने घरी जाऊन भेटायचं, अशी योजना रत्नागिरीतल्या एका संस्थेने चालवली होती. चिठ्ठ्या टाकून निम्मे रुग्ण निवडले. बाकीच्यांना नेहमीचेच उपचार. भेटी मिळालेले रुग्ण जास्त जगले. का जगले, हे मात्र ठाऊक नव्हतं. विश्वस्तांच्या मते, गोळ्या नियमित घेतल्या म्हणून. तसं असेल तर मोबाईलवर आठवण पाठवून भागलं असतं आणि भेटी बंद झाल्या असत्या.

हे तपासायचं काम संख्याशास्त्रज्ञ वैदेही जोगळेकरकडे आलं. सहाव्या महिन्यात कोण किती नियमित गोळ्या घेतो, ते धरून तिने गणित मांडलं. जवळजवळ सगळा फायदा गोळ्यांमुळेच दिसला.

अहवाल देण्याआधी परिचारिका योगिनीताईंबरोबर ती मांडवीला, भेटी मिळणाऱ्या धोंडू या जुन्या खलाशाच्या घरी गेली. धोंडू ओटीवर जाळं विणत बसला होता. त्याची बायको जनी चहा घेऊन आली.

"दुसऱ्याच महिन्यात ह्यांचे पाय सुजले," जनी म्हणाली. "गोळ्या तर रोज घेत होते. मला वाटलं, बसून बसून सुजले असतील. ह्या ताईने बघितलान नि त्याच दिवशी दवाखान्यात नेलान. नाहीतर माझा माणूस राहिला नसता, बाय."

वैदेहीने कप खाली ठेवला. धोंडू तेव्हा गेला असता, तर सहाव्या महिन्याच्या तिच्या गणितात तो आलाच नसता. त्याआधी वारलेले सगळेच तिने वगळले होते. आणि भेटींनी वाचवलेली माणसं नेमकी त्या सुरुवातीच्या दिवसांतली असतील तर?

घरी येऊन तिने पहिल्यापासून सुरुवात केली. आता तिने दर महिन्याच्या गोळ्यांची नोंद घेतली आणि त्या महिन्यात जिवंत असलेल्या प्रत्येकाला मोजलं; त्यामुळे लवकर वारलेलेही त्यांच्या शेवटच्या महिन्यापर्यंत गणितात राहिले. गोळ्यांच्या वाटेने आलेला फायदा जेमतेम एक तृतीयांश निघाला. उरलेला दुसऱ्या वाटांनी आलेला होता.

बैठकीत तिने हे सांगितलं. "माझ्या गणितात काही गृहीतकं आहेत, त्यामुळे आकडा थोडा इकडेतिकडे होईल. पण मोबाईलवरच्या नुसत्या आठवणीने भेटींचं काम होईल, असं मी म्हणू शकत नाही."

विश्वस्तांनी बरेच प्रश्न विचारले. शेवटी भेटी चालू ठेवायचं ठरलं.

वैदेही लगेच योगिनीताईंना घेऊन मांडवीला गेली. बातमी ऐकून जनीने योगिनीताईंचे हात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत.

"मी तुमचे आभार मानायला आलेय," वैदेही धोंडूला म्हणाली. "तुमच्यामुळे माझं गणित सुधारलं."

"आमच्यामुळे?" धोंडू हसला. "आम्ही काय केलं? जगलो फक्त."

"तेच तर," वैदेही म्हणाली आणि ओटीवर त्याच्याशेजारी टेकली.