पडावच्या पुढे

मी सायकल बोलतेय. शर्यतीत धावणारी नव्हे, आणि घरोघर दूध घालणारीही नव्हे. लांबच्या प्रवासाला निघालेल्या माणसाचं ओझं वाहावं म्हणून मला घडवलं आहे. माझा सांगाडा पोलादाचा, टायर जरा रुंद, मागे भक्कम कॅरिअर आणि दोन्ही बाजूंना पिशव्या अडकवायला कड्या. देखणी म्हणावी अशी मी नाही. बनारसच्या सिगरा भागातल्या एका दुकानात मी बरेच महिने छताला टांगलेली होते. गिऱ्हाइकं यायची, मान वर करून माझ्याकडे बघायची आणि शेजारची लाल, चकचकीत सायकल घेऊन जायची.

मग एके दिवशी उल्हासराव आले. पन्नाशी ओलांडलेले, अंगानं बारीक. डोक्यावर केसांची नुकतीच फुटलेली खुंटं होती, त्यामुळे घरात कुणीतरी गेलंय हे दुकानदाराच्या लगेच लक्षात आलं.

“किसके लिए चाहिए?” त्यानं जपून विचारलं.

एवढ्याशा प्रश्नाला उल्हासरावांनी फार वेळ घेतला. “मेरे लिए,” ते म्हणाले. हे दोन शब्द त्यांनी बऱ्याच दिवसांत उच्चारले नसावेत.

“ऐसे ही घूमने-फिरने को?”

“नहीं. लंबा जाना है. अकेले.”

आवाजात ना उत्साह, ना घाई. औषधाच्या दुकानात चिठ्ठी वाचून दाखवावी तसं ते बोलले. दुकानदारानं मला खाली उतरवलं.

त्यांचं घर रामघाटाच्या गल्लीत. तिथं सायकल चालवत नेता येत नाही. पायऱ्या, वळणं, मधेच बसलेली गाय. त्यांनी मला खांद्यावर घेतलं आणि तळमजल्यावरच्या एका खोलीत आणून उभं केलं. खोलीत दुसरं काही नव्हतं. फरशीवर पलंगाच्या पायांचे चार डाग होते आणि भिंतींना डेटॉलचा वास होता.

संध्याकाळी शेजारच्या गीताताई वाटीत आमटी घेऊन आल्या. गल्लीतल्या जुन्या मराठी घरांपैकी एका घरातल्या, साठीच्या, तोंडानं फटकळ. दारातच थबकल्या.

“हिला इथं ठेवलीस? आईच्या कमऱ्यात?”

“दुसरीकडे जागा नाही, गीताताई.”

“जागा नाही म्हणे. सगळं घर रिकामं आहे.” एवढं बोलून त्या वाटी ठेवून गेल्या.

त्यांच्याच येण्याजाण्यातून मला हळूहळू घरची हकीगत कळली. उल्हासरावांची आई कित्येक वर्षं अंथरुणावर होती. आधी तिला माणसांची नावं आठवेनाशी झाली, मग माणसं, मग घास गिळायचा असतो हेही. उल्हासरावांनी बँकेतली नोकरी सोडली. घरी बसून एका छापखान्याची संस्कृत पुस्तकांची प्रुफं तपासायचे आणि आईचं सगळं करायचे. लग्न राहून गेलं. गीताताई आपला स्वयंपाक आटोपून रोज तासभर आईपाशी बसायच्या, तेवढ्यात उल्हासराव भाजी, औषधं आणि छापखाना उरकून यायचे. आता आई गेली होती, आणि उल्हासरावांना इंदूरला धाकट्या बहिणीकडे सायकलनं जायचं होतं. का, ते त्यांनाही सांगता येत नव्हतं.

तयारी मात्र त्यांनी मन लावून सुरू केली. मन लावून म्हणते खरी, पण मन कुठं दिसत नव्हतं. हात तेवढे नेमानं चालायचे. चाक काढायचं, ट्यूब बाहेर ओढायची, पाण्याच्या घमेल्यात बुडवून बुडबुडे बघायचे, ठिगळ लावायचं, पुन्हा सगळं जागेवर. साखळी पुसायची, तेल घालायचं. मला उलटं करायची वेळ आली की ते आधी जमिनीवर चादरीची घडी घालायचे, मग एक हात माझ्या सीटखाली आणि एक हँडलखाली घालून सावकाश वळवायचे. सायकलीला कुणी असं वळवत नाही. हे हात कुणाला कुशीवर वळवायला शिकले होते, ते मी ओळखलं.

रोज सकाळी आम्ही बाहेर पडायचो. गल्ली संपेपर्यंत मी त्यांच्या खांद्यावर, मग मैदागिनपासून रस्त्यावर. राजघाटचा पूल ओलांडायचा, पलीकडे पडावच्या चौकात पोचायचं. तिथून एक रस्ता रामनगरकडे जातो, एक मुगलसरायकडे. चौकात ते थांबायचे, मनगटावरच्या घड्याळात बघायचे आणि मला परत फिरवायचे. घरी येताना पॅडलं जरा जोरातच पडायची.

पहिले काही दिवस मला वाटलं, शरीराला सवय नाही, दमत असतील. पण ते दमत नव्हते. पिशव्यांमध्ये आधी तांदूळ भरले, मग पिठाचे पुडे, मग पाण्यानं भरलेल्या बाटल्या. पोटऱ्या घट्ट झाल्या. पुलाचा चढ त्यांना जाणवेनासा झाला. पण पडाव आलं की घड्याळ, आणि घड्याळ बघितलं की माघारी. थंडी सरत आली तरी पडावच्या पुढचा रस्ता मी पाहिला नव्हता.

चौकातला चहावाला एकदा म्हणाला, “बाबूजी, रोज यहीं से लौट जाते हैं. आगे रास्ता बंद है क्या?”

“देर हो जाएगी,” उल्हासराव म्हणाले.

“कहाँ के लिए?”

चहा अर्धा टाकून ते सीटवर बसले, आणि त्यांनी मला घराकडेच वळवलं.

हे गीताताईंच्याही नजरेतून सुटलं नव्हतं. एका सकाळी आम्ही परतलो तर त्या दारातच उभ्या.

“अजूनही तासाच्या आतच घरी येतोस होय रे?”

उल्हासराव माझ्या पिशव्या सोडवत राहिले.

“इंदूर एका तासावर नाही, उल्हास.”

“माहीत आहे मला.”

“मग?”

“पाय जातात पुढे. मीच परत फिरतो. ठरवून नाही फिरत, गीताताई. फिरतो.”

गीताताईंनी एरवी काहीतरी टोमणा मारला असता. त्या दिवशी त्यांनी नुसता उल्हासरावांच्या दंडाला हात लावला आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी निघताना उल्हासरावांनी घड्याळ काढून देवापुढे ठेवलं. पडावला ते थांबले. मनगट वर केलं, रिकामं मनगट बघत राहिले. मागून एका ट्रकनं जोरात भोंगा दिला, तसे ते दचकले आणि बाजूला होण्यासाठी म्हणून रामनगरच्या रस्त्याला लागले. मग मी जी सुटले ती सुटलेच. रामनगर गेलं, नारायणपूर गेलं. दोन्ही बाजूंना गहू पिवळा पडायला लागला होता. उल्हासराव ना इकडे बघत होते ना तिकडे. त्यांचे तळहात माझ्या हँडलवर इतके घट्ट दाबलेले होते की बोटं बधिर झाली असणार. मी मात्र खुशीत होते. लांब जाण्यासाठीच तर जन्मले होते मी.

उन्हं चढल्यावर आम्ही चुनारला पोचलो. मातीची भांडी मांडलेल्या दुकानांच्या ओळीशेजारी एका ढाब्यावर त्यांनी मला भिंतीला टेकवलं. पुरी-भाजी मागवली. ताट समोर आलं आणि तेवढ्यात काय झालं कोण जाणे, त्यांनी घाईघाईनं खिशातून फोन काढला.

“गीताताई, मी चुनारला आलोय. मला आज उशीर होईल. तुम्ही जरा आईला...”

ते थांबले. फोन कानाशी तसाच. ढाब्यावर कुणीतरी भजी तळत होतं. मग गीताताईंचा मोठा आवाज मलासुद्धा ऐकू आला.

“होऊ दे उशीर. जेवलास का?”

“नाही.”

“मग आधी जेव. इथं सगळं ठीक आहे. कुणाला काही लागत नाही आता.”

“बरं,” उल्हासराव म्हणाले. फोन ठेवला. पुरी मोडली, खाल्ली. चव लागली की नाही, चेहऱ्यावरून काही कळलं नाही. ते रडले नाहीत. ताट संपवलं, हात धुतले, आणि तिथल्याच एका धर्मशाळेत खोली मागितली. त्या रात्री आम्ही दोघंही पहिल्यांदा परक्या छपराखाली राहिलो.

त्यानंतर पडाव हे नुसतं वाटेतलं एक ठिकाण झालं. आम्ही विंध्याचलला जाऊन आलो, पलीकडे गाझीपूरला जाऊन आलो. एकदा चिखलात घसरून पडलो, त्यांचा गुडघा फुटला आणि माझा आरसा. गुडघ्यातून रक्त येत असताना त्यांनी आधी माझं चाक फिरवून बघितलं.

होळी झाल्यावर बहिणीचा, कालिंदीताईंचा फोन आला. उल्हासराव माझ्यापाशी जमिनीवर बसून सामान बांधत होते. फोन त्यांनी स्पीकरवर टाकून माझ्या सीटवर ठेवला.

“दादा, रेल्वेनं ये ना. दुपारी बसलास की दुसऱ्या दिवशी सकाळी इथं. या उन्हात सायकल कशाला? लोक म्हणतील, आईला वर्षही झालं नाही आणि हा सैर करायला निघाला.”

“म्हणू देत.”

“तू रडलास तरी का रे तिच्यासाठी?”

“नाही.”

“तुला काहीच नाही वाटत?”

उल्हासरावांनी हातातली दोरी खाली ठेवली. “पाय बधिर झाल्यावर कसं होतं, कालू? हात फिरवला तरी दुसऱ्या कुणाचा पाय वाटतो. तसं आहे. दुखत नाही. म्हणून तर भीती वाटते.”

पलीकडे कालिंदीताई रडत होत्या. त्यांना ते सहज जमायचं. “बरं, ये सायकलनं. पण रोज एक फोन करायचा. मी वाट बघेन.”

“ते नको,” उल्हासराव हलकेच म्हणाले. “कुणी वाट बघतंय असं वाटलं की मी परत फिरतो.”

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, “नाही बघणार वाट. पोचलास की दार वाजव.”

आम्ही निघालो तेव्हा गल्लीत कोवळं ऊन आलं होतं. गीताताईंनी दशम्यांचा डबा पुढच्या पिशवीत कोंबला. उल्हासराव वाकून नमस्कार करत म्हणाले, “येतो.” यावर सगळे जण “लवकर ये” म्हणतात. गीताताई म्हणाल्या, “सावकाश ये.”

आज निघून काही दिवस झालेत. मिर्झापूर मागे पडलं. विंध्याचा घाट चढताना उल्हासराव उतरून मला ढकलत होते. माझं वजन, पिशव्यांचं वजन, वर ऊन. माथ्यावर आल्यावर रस्त्याकडेला एक मोहाचं झाड दिसलं. त्यांनी मला खोडाला टेकवलं, पाणी प्यायलं, आणि जरा पाठ टेकावी म्हणून चादर पसरली.

तेव्हापासून ते झोपलेत. वर्षानुवर्षं हा माणूस एक कान उघडा ठेवून झोपला. पलंग करकरला की उठायचं, खोकला आला की उठायचं. वाटेतल्या मुक्कामांतही ते रात्रीतून कितीदा तरी उठून बसायचे, अंधारात कानोसा घ्यायचे आणि पुन्हा आडवे व्हायचे. आता तोंड उघडं पडलं आहे, एक हात चादरीबाहेर मातीत गेला आहे, अंगावर मोहाची फुलं पडताहेत आणि त्यांना पत्ता नाही. सावली सरकून ऊन पायांवर आलं, तरी त्यांनी कूस बदलली नाही.

इंदूर पुष्कळ लांब आहे. पोचल्यावर यांना काही वाटेल का, हे मला ठाऊक नाही. मी चाकांवरची वस्तू, मला तेवढं कळत नाही. माझं मागणं लहान आहे. या घाटातून जाणाऱ्या ट्रकवाल्यांनो, बसवाल्यांनो, मोटारींतून जाणाऱ्या मंडळींनो, मोहाच्या झाडाशी आलात की जरा हळू जा, आणि कृपा करून भोंगा वाजवू नका. इथं एक माणूस झोपला आहे.