ज्ञानदाचा उजवा हात

झोयाचं नाव कुणी काढलं की वासंतीच्या तोंडची चव जायची. रियाधमधल्या एका भारतीय शाळेच्या मुलींच्या विभागात वासंती एकोणीस वर्षं पी.टी. शिकवत होती, आणि त्या उंच भिंतींच्या आत सॉफ्टबॉल आणला तो तिनेच. मूळची जळगावची, एके काळी महाराष्ट्राकडून खेळलेली. तिच्या शिट्टीला बारावीच्या मुलीसुद्धा टरकून असायच्या.

ज्ञानदा तिला सापडली सहावीत. मैत्रिणीवर चिडून पोरीने खालून हात फिरवून पाण्याची बाटली भिरकावली, आणि ती पार पलीकडच्या बास्केटबॉलच्या खांबावर नेमकी आदळली. दुसऱ्या कुठल्याही मिसने वर्गाबाहेर उभं केलं असतं. वासंतीने तिला मैदानावर उभं केलं. सॉफ्टबॉलमध्ये सगळी भिस्त पिचरवर. हात खांद्यातून गरकन फिरवून ती खालून चेंडू टाकते आणि समोरची बॅटवाली तो मारू बघते. पिचर चांगली असेल तर बाकीच्या आठ जणींनी मैदानात उभ्या उभ्या गप्पा मारल्या तरी चालतं. पाच वर्षं वासंतीने तो हात घडवला. शिवाय ज्ञानदा तिच्याशी मराठीत बोलायची. घरी आईला इंग्रजीत उत्तर देणारी पोरगी मैदानावर ‘मिस, आज माझी लय बसत नाहीये’ असं म्हणायची, तेव्हा वासंतीच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

आणि मग, ज्ञानदा अकरावीत गेल्यावर, झोया उगवली. हैदराबादची, बत्तीस वर्षांची. तिने मुलींचा एक क्लब काढला होता. शुक्रवार-शनिवार तो क्लब कधी दम्मामला, कधी जेद्दाला सामने खेळायला जायचा. जांभळे ट्रॅकसूट, जांभळ्या बॅगा, चेंडूचा वेग मोजायचं यंत्र. वासंतीच्या शाळेत चार बॅटा होत्या, त्यांतल्या एकीच्या मुठीला चिकटपट्टी.

ज्ञानदाने सांगितलं, ‘मिस, मी दोन्हीकडे खेळेन. रविवार ते गुरुवार तुमच्याकडे, सुट्टीत तिकडे.’

‘खेळ की. मी कोण अडवणार?’ वासंती हसून म्हणाली. घरी जाऊन मात्र तिने कणीक अशी तिंबली की नवरा स्वयंपाकघरात डोकावला.

झोंबायला मग काहीही पुरायला लागलं. ज्ञानदाच्या मनगटावर जांभळा पट्टा दिसला, झोंबलं. ‘झोया मॅम म्हणतात’ अशी वाक्यं सुरू झाली, झोंबलं. एक दिवस तर पोरीने चेंडू टाकताना पुढचा पाय वेगळाच टाकला. वासंतीने शिकवलेला पाय टाकून दिला, आणि झोयाचा धरला! सगळ्यांत वाईट म्हणजे मेली ती पद्धत चांगली होती. चेंडू आधीपेक्षा जोरात जात होता, हे वासंतीला यंत्राशिवाय दिसत होतं.

‘अगं, तू तर सवत आल्यासारखी वागतेस,’ दीनानाथ, तिचा नवरा, बँकेतून आल्या आल्या चिडवायचा.

‘सवत परवडली. ती निदान तयार पोर पळवत नाही.’

अंतिम सामना गुरुवारी होता, आंतरशालेय, दुपारी तीनला, आपल्याच मैदानावर. आणि त्याच रात्री झोयाचा क्लब विमानाने जेद्दाला जाणार होता. बुधवारी संध्याकाळी वासंतीच्या फोनवर झोयाचा निरोप आला, अगदी अदबशीर हिंदीत. ‘दीदी, मागच्या शनिवारी दोन सामने झाले, ज्ञानदाचा खांदा थोडा दुखतोय. उद्या कृपा करून साठपेक्षा जास्त चेंडू टाकायला लावू नका. जेद्दातही मी तिला एकच सामना देणार आहे.’

वासंतीने तो तीनदा वाचला आणि तीनदा तिचा तीळपापड झाला. माझ्या पोरीने माझ्या मैदानावर किती चेंडू टाकायचे ते ही ठरवणार? आणि खांदा दुखतोय हे हिला ठाऊक, मला नाही! तिने उत्तर दिलं नाही.

पण गुरुवारी मोजले तिने सगळे. ती नेहमीच मोजायची. मशिदीबाहेरच्या दुकानांत जपासाठी बोटात घालायचं छोटं यंत्र मिळतं, एकदा दाबलं की आकडा एकाने वाढतो. ते बोटात घालून ती बाकाजवळ उभी राहायची. साठावा चेंडू चौथ्या डावात पडला. पाचवा डाव संपला तेव्हा आकडा होता चौऱ्याहत्तर आणि शाळा सहा धावांनी पुढे होती. राखीव पिचर इफरा, दहावीतली, हात मोकळा करून तयार उभी होती.

‘मिस, मैं जाऊँ?’ तिने विचारलं.

वासंती हो म्हणणारच होती. शब्द ओठांवर आला होता. तेवढ्यात तिची नजर बाकाखाली गेली. ज्ञानदाची जांभळी बॅग तिथे होती, फुगलेली, घडी घालून भरलेली, जेद्दाला निघालेली. हिने आज विश्रांती घ्यायची ती कुणासाठी? उद्या झोयासाठी ताजा हात हवा म्हणून? राहू दे, तिला वाटलं. आजच रिकामा होऊ दे तो हात. उद्या काय उरेल ते घेऊ दे तिला.

‘बैठ जा इफरा,’ ती म्हणाली. ‘ज्ञानदाच संपवेल.’

ज्ञानदाने एकदा वळून बाकाकडे पाहिलं. वासंतीने टाळी वाजवली, ‘चल, यल्ला!’ पोरगी परत जाऊन उभी राहिली.

सहाव्या डावात चेंडूचा वेग उतरला. सातव्यात, म्हणजे शेवटच्या डावात, ज्ञानदा प्रत्येक चेंडूनंतर हात खाली लोंबकळत ठेवून उभी राहू लागली. प्रतिस्पर्ध्यांनी दोन धावा काढल्या, मग आणखी एक. वासंतीचं बोट यंत्रावर दाबतच होतं. ब्याण्णव, शंभर, एकशे चार. इफराकडे ती पाहत नव्हती. एकशे नवव्या चेंडूवर शेवटची बॅटवाली बाद झाली आणि मुली किंचाळत मैदानात धावल्या.

चषक उचलायला ज्ञानदाला पुढे ढकललं, तर तिने तो डाव्या हाताने घेतला. पाणीही डाव्या हाताने प्यायली. संध्याकाळची, मगरिबची अजान झाली, मुली पांगल्या, मैदानात वारा सुटला. ज्ञानदा बाकावर बसून जांभळ्या बॅगेची चेन एका हाताने लावायचा प्रयत्न करत होती. चेन अडकत होती.

वासंती शेजारी येऊन बसली. ‘हात वर कर बघू.’

हात छातीपर्यंत आला आणि थांबला. पोरीचा चेहरा पांढरा पडला.

‘केव्हापासून एवढं दुखतंय?’

‘चौथ्या डावापासून.’

‘मग बोलायचं नाही का, बाई? इफरा उभी होती ना!’

ज्ञानदाने चेनशी झटापट चालूच ठेवली. ‘मी थकले म्हटलं असतं, तर तुम्हाला वाटलं असतं मी जेद्दासाठी हात राखून ठेवतेय.’

वासंतीला तसंच वाटलं असतं. नेमकं तसंच.

‘तुम्हाला काय वाटतंय ते कळत होतं मला, मिस,’ ज्ञानदा म्हणाली. ‘मी बघितलं ना तुमच्याकडे. म्हटलं, थांबवतील.’

बाहेर फाटकाशी तिचे वडील गाडी घेऊन उभे असणार, विमानतळावर सोडायला. वासंतीने फोन काढला. झोयाच्या निरोपाखाली उत्तराची जागा अजून रिकामीच होती. तिने नंबर लावला. आता टाळण्यात अर्थ नव्हता.

‘दीदी? मुबारक हो, सुना जीत गए,’ झोयाचा आवाज खरोखर आनंदलेला होता.

‘ज्ञानदा जेद्दा नहीं आएगी. कंधा गया है उसका. अभी अस्पताल ले जा रही हूँ.’

‘कितने फेंके?’ झोयाने विचारलं.

‘एक सौ नौ.’

‘मैंने साठ बोला था.’

‘पढ़ा था मैंने. गिनती भी कर रही थी.’

‘तो फिर क्यों, दीदी?’

वासंतीने बाजूला पाहिलं. ज्ञानदा ऐकत होती. खोटं बोलायला आत्ता जागाच नव्हती. ‘आपसे जलती हूँ,’ ती म्हणाली. ‘इसलिए.’

झोया ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, ‘उसको फोन दीजिए.’

ज्ञानदाने डाव्या हाताने फोन कानाला लावला. पलीकडून काय विचारलं ते वासंतीला ऐकू आलं नाही. पण पोरीने ‘मॅम’ म्हटलं आणि तिचा बांध फुटला. खांदे गदगदत होते, दुखरा हात मांडीवर पडला होता, आणि ती हुंदके देत हिंदीत सांगत होती, मॅम बहुत दुख रहा है, मॅम मेरा हाथ ठीक हो जाएगा ना?

पाच वर्षांत ज्ञानदा वासंतीपुढे एकदाही रडली नव्हती. गुडघे फुटले तेव्हा नाही, सामने हरले तेव्हाही नाही. माझी पोर चिवट आहे, असं वासंती सगळ्यांना सांगत असे. आता ती बाकावर पोरीपासून हातभर अंतरावर बसून होती. खांदा आपण घालवला, पोरीचं जेद्दा आपण घालवलं, हे सगळं तिला पुरतं कळत होतं. तरीही तिच्या मनात पहिलं आलं ते हेच, की ही तिच्याजवळ रडली, माझ्याजवळ नाही.