बापाची वाव

धोंडूने नांगर पाण्यात सोडला, दोरी ताणली जाईपर्यंत थांबला आणि डोळे बारीक करून काठाकडे बघितलं.

“देवळाचा कळस आनि ता सुकलेला झाड एका रेषेत आला काय सांग.”

“आला, काका,” सुकाणूवरून सागर म्हणाला.

“मंग सरळ जा आता. जरापन तिरका नको.”

बोट हळूहळू पुढे निघाली. मागे बसलेली धोंडूची मुलगी मृणाली दोरीवरच्या प्रत्येक गाठीला एक आडवा पाइप अडकवत होती आणि पाइपाच्या टोकाला फुगवलेला लाल बोया बांधत होती. असे सहा बोये, एक डावीकडे तर पुढचा उजवीकडे. मांडून झालं की बोट मधून सरळ जाणार आणि तिच्यामागे बोटीची दोरी धरून एका स्कीवर उभी असलेली मृणाली प्रत्येक बोयाला बाहेरून वळसा घालणार. एक चुकला की संपलं, परत पहिल्यापासून.

धरण सगळ्यांचं. तिथे गुरं पाण्यावर येतात, माणसं गळ टाकून बसतात. म्हणून परवानगी फक्त सहा ते दहाची, आणि दहानंतर पाण्यात दोरीचा तुकडाही दिसता कामा नये, असं पहारेकरी रावजीने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. दर रविवारी अंधारात पावस गावाहून टेम्पोत सगळं भरायचं, इथे येऊन मांडायचं आणि पुन्हा गुंडाळून न्यायचं. दुसरं कुणी असतं तर तिसऱ्या रविवारी हात जोडले असते. मृणालीचा हा अकरावा होता आणि शेवटचाही, कारण उद्यापासून दुरुस्तीसाठी धरणाचं पाणी सोडणार होते. वॉटर स्कीच्या राष्ट्रीय निवडीसाठी सहाही बोये घेतल्याचा व्हिडिओ आज रात्रीपर्यंत पाठवायचा होता. मागच्या दहा रविवारांत ती चौथ्याच्या पुढे गेली नव्हती.

आजही नाही गेली. तिसरा घेतला, चौथा नेहमीसारखाच अंगावर आला, आणि ती पाण्यात आपटली.

सागर बोट शेवटच्या टोकापर्यंत नेऊन मग वळवून जवळ आला. तो आणि मृणाली गणपतीपुळ्याला एकाच ठिकाणी कामाला होते, ती पर्यटकांना पाण्यावरचे खेळ शिकवायची, हा बोट चालवायचा. बोटही तिथल्याच मालकाची, रविवारी सकाळपुरती मागून आणलेली.

“साडेसतरा सेकंद,” तो म्हणाला. व्हिडिओबरोबर वेळही लिहायची होती, म्हणून आज त्याने पहिल्यांदाच घड्याळ लावलं होतं.

“एकोणीस हवेत. एकोणपन्नासच्या स्पीडला बरोब्बर एकोणीस. तू जोरात नेतोस, सागर.”

“आईशप्पत नाय. ह्यो बग, मोबाइलवरपन एकोणपन्नासच.”

मृणाली जॅकेटच्या आधाराने तरंगत राहिली. वेग बरोबर आहे आणि वेळ कमी लागतेय, म्हणजे रस्ताच आखूड आहे. बोये जवळजवळ आहेत. दर वेळी चौथा आपण सावरायच्या आत समोर यायचा तो काही आपण मंद म्हणून नाही! तिला इतका आनंद झाला की ती पाण्यातच मोठ्याने हसली. मग तिची नजर बोटीत बसलेल्या बापावर गेली आणि हसू तिथेच विरलं.

दोरी धोंडूने मापली होती. तिने टेप आणून दिली, तर त्याला तो अपमान वाटला. दोन्ही हात पसरले की या बोटांपासून त्या बोटांपर्यंत एक वाव, आणि धोंडूची वाव म्हणजे सहा फूट, कमी नाही की जास्त नाही. खाडीतली माणसं जाळ्याची दोरी त्याच्याकडून मापून न्यायची. दोन वर्षांपूर्वी बोटीवर दोरखंड सुटून उजव्या खांद्याला हिसका बसला, तेव्हापासून तो हात पुरा सरळ होत नव्हता. घरात सगळ्यांना ते दिसत होतं. धोंडूला विचारलं तर खांदा कधीच बरा झाला होता.

ती बोटीत चढली.

“बाबा, दोरी आटलीय वाटतं.”

“ही पलास्टिकची. ही आटत नाय,” धोंडू म्हणाला. “काय झाला?”

मृणाली केस पिळत बसली. सागरला नेमकं तेव्हाच इंजिनात काहीतरी बघायचं आठवलं. धोंडूने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. चाळीस वर्षं समुद्रावर काढलेल्या माणसाला तेवढं कळतं.

“तुजी ती फळी किती लांब?”

“स्की? साडेपाच फूट.”

“हय दे.”

त्याने स्की समोर आडवी ठेवली, तिच्यावर वाकला आणि हात पसरले. डावा हात टोकाला लावला, उजवा ताणला. ताणताना जबडा आवळला, मानेची शीर वर आली. बोटं स्कीच्या दुसऱ्या टोकाला पोचली आणि तिथेच थांबली. अर्धा फूट पुढे जायला हवी होती. मृणालीला त्याच्याकडे बघवेना.

“अकरा रविवार,” तो म्हणाला. “अकरा रविवार तू माज्या खांद्यापायी पडलीस.”

“अवघड मांडणीवर सराव झाला ना माझा. बरंच झालं.”

“गप. गोड बोलू नको.” त्याने तोंडावरून हात फिरवला. “किती वाजले?”

“सव्वाआठ.”

“काड वर दोरी.”

काठावर दोरी पसरली. धोंडूने हिशोब तोंडीच केला. दोन बोयांमध्ये एकेचाळीस मीटर हवेत, म्हणून त्याने साडेबावीस वाव धरली होती. त्याच्या हातांनी त्या साडेबावीस स्कीच भरल्या. हव्या होत्या साडेचोवीस. म्हणजे दोन बोयांमधल्या प्रत्येक गाळ्यात दोन स्कीएवढी दोरी वाढवायची आणि दोन्ही टोकांना सव्वा-सव्वा. जादा दोरी आणायची कुठून, हा प्रश्नच आला नाही. धरणाला भरती येत नाही हे धोंडूला हजारदा सांगून झालं होतं, तरी नांगराला भरतीपुरती लांबी सोडल्याशिवाय त्याला चैन पडायचं नाही. ती कापली. मृणाली स्की लावून माप देत होती, सागर कापत होता, धोंडू गाठी मारत होता. उजवा हात जिथे अडायचा तिथे दोरी दातात धरायचा. मदत करू का असं कुणी विचारलं नाही.

नऊ वाजून वीस मिनिटांनी बोये पुन्हा पाण्यात होते.

पहिल्या फेरीत ती पाचव्यावर पडली. या वेळी चुकलं ते तिचंच. चौथा निघाला याच्या आनंदात तोल गेला होता. सागरने दोरीचं हँडल पुन्हा तिच्याकडे फेकलं. बोटीत मागे तोंड करून बसलेल्या धोंडूने डाव्या हातात मोबाइल धरला होता, तोही त्याने खाली घेतला नाही.

दुसऱ्या फेरीत बोये तिच्याकडे धावून आले नाहीत, तीच त्यांच्याकडे गेली. वळायला वेळ होता, श्वास घ्यायला वेळ होता. चौथा गेला, पाचवा गेला. सहाव्याला ती इतकी झुकली की कोपर पाण्याला लागलं, आणि मग ती सरळ उभी राहून बोटीमागे निघाली.

“एकोणीस!” सागर ओरडला. “एकोणीस गो, मृणाली!”

तिने हँडल सोडलं आणि रडत-हसत पाण्यात बसली. नाकातोंडात पाणी गेलं.

“आला काय यात?” धोंडू मोबाइल उलटसुलट करून बघत होता. आला होता, थोडा हललेला, पण सहाही बोये दिसत होते.

धरणाच्या भिंतीवरून रावजीने शिट्टी मारली. पावणेदहा. बोये सुटले, पाइप सुटले, दोरी ओढून काठावर आली. दोरी गुंडाळायची ती वावेवर मोजत. माप जुळलं की पाण्यात काही राहिलं नाही याची खात्री. धोंडूने टोक उचललं, हात उघडू लागला आणि मध्येच थांबला. मग ते टोक त्याने मृणालीपुढे धरलं.

“तू मोज.”

“माझी वाव लहान आहे, बाबा. सव्वापाच फूट भरेल जेमतेम.”

“असूंदे. पुरी उघडते ना?”

मृणालीने टोक घेतलं आणि दोन्ही हात पसरले. धोंडू तिच्या बोटांकडे बघत शेजारी दगडावर बसला. खाडीवर पहिल्या मापाला कुणी एक म्हणत नाही.

“लाभ,” तो म्हणाला. “दोन. तीन.”