उरलेली दोन मिनिटं

संध्याने सभेत बोलण्यासाठी भरायच्या आपल्या चिठ्ठीवर ‘बाजूने’च्या चौकोनात खूण केली आणि ती ट्रेमध्ये ठेवायला गेली, तर वरच नवऱ्याची चिठ्ठी. परीक्षितचं ते गिचमिड अक्षर लपतंय थोडंच! खूण होती ‘विरोधात’.

घरी म्हणाला होता, नुसता ऐकायला येतोय. वा रे वा!

अमेरिकेतल्या बेलव्ह्यूजवळच्या या छोट्या शहराच्या कौन्सिलपुढे आज एकच विषय होता. केबल कंपनीने आपली वायर इतर इंटरनेट कंपन्यांनाही भाड्याने द्यावी, असा नियम शहराने करावा का? संध्या बोलायला अडखळणाऱ्या मुलांना व्हिडिओवरून शिकवायची. मूल ओठ मिटून ‘प’ काढायला जायचं, आणि नेमका तेव्हाच पडदा गोठायचा. दुसरं कनेक्शन घ्यावं, तर त्यांच्या भागात वायर या एकाच कंपनीची.

त्याच कंपनीचे शेअर परीक्षितने घेतले होते. शिवाय अर्ध्या महाराष्ट्र मंडळाला घ्यायला लावले होते. नियमाची बातमी फुटल्यापासून शेअर रोज घसरत होता आणि मंडळी त्याला भंडावून सोडत होती.

ती त्याच्या शेजारी जाऊन बसली.

“चिठ्ठी पाहिली मी.”

तो ओशाळला. “यार संध्या, हे शहराचं कामच नाही. हे रूल्स फेडरल सरकार करतं. प्रत्येक गाव आपापला रूल करायला लागलं तर इन्व्हेस्ट कोण करेल?”

“मग बोल की. मी अडवलंय का?”

म्हणाली खरी, पण वीस वर्षांत तो चारचौघांत तिच्याविरुद्ध कधी उभा राहिला नव्हता.

तिचं नाव पुकारलं. ती एका सहा वर्षांच्या मुलीबद्दल सांगू लागली. तिचे बाबा कामासाठी दूर असायचे आणि तिचा तास व्हिडिओवरून बघायचे. “आणि ज्या दिवशी ती पहिल्यांदा ‘पपा’ म्हणाली...”

घंटी वाजली. प्रत्येकाला मिळणारी तीन मिनिटं संपली. पुढचं नाव परीक्षितचं.

तिच्या उंचीला आणलेला माइक वर करायला त्याने हात घातला आणि तो थांबला.

“माझा वेळ हिला द्या,” तो म्हणाला.

“आणि तुमचं मत?” अध्यक्षबाईंनी विचारलं.

“विरोधातच आहे. तेही लिहून घ्या.”

सभागृह हसलं. संध्या पुन्हा माइकपुढे आली.

“पडदा गोठला होता. बाबांना ऐकूच आलं नाही. एवढंच.”

“तुमची अजून दोन मिनिटं उरलीत, मॅम.”

संध्याने नवऱ्याकडे पाहिलं आणि माइक वर केला.

“ती यांना परत द्या. यांचंही म्हणणं ऐकायला हवं तुम्ही.”