भिंतीवरच्या मीटरचे सोळा युनिट

मी एक जुना वीजमीटर आहे. तुमच्या जिन्याखाली असतो तसला नव्हे, त्याहून पुष्कळ काटेकोर. मला घडवणाऱ्या कारागिराने माझा शेवटचा स्क्रू आवळताना श्वाससुद्धा रोखून धरला होता.

मित्रांनो, मला एका चाचणीशाळेच्या भिंतीवर बसवले. विजेवर चालणारी गाडी शंभर किलोमीटर जायला किती वीज खाते, ते तिथे मोजत. गाडी जमिनीतल्या दोन लोखंडी रोलरांवर उभी करत. मग ती चाके फिरवत जागच्या जागी धावे. आत बसणाऱ्या चालकाला सगळे ‘उस्ताद’ म्हणत. समोरच्या फलकावर वेगाची एक रेषा सरके. कुठे शहरासारखी अडखळत, कुठे महामार्गासारखी सरळ. उस्ताद गाडीचा वेग त्या रेषेवर असा धरत, की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावे. बॅटरी पार संपली की गाडीची वायर माझ्याखालच्या सॉकेटमध्ये लागे. ती पुन्हा पूर्ण भरेपर्यंत भिंतीतून किती युनिट गेले ते मी सांगे. माझा आकडा चाचणीचे काम पाहणाऱ्या बाई वहीत उतरवत, त्याला किलोमीटरने भागत आणि अहवालावर सही करत. मग तो आकडा गाडीच्या काचेवरच्या लेबलावर छापला जाई. लोकांना लिटरची सवय म्हणून बाई शेजारी पेट्रोलशी तुलनाही लिहीत. एका लिटर पेट्रोलमध्ये साधारण नऊ युनिटांइतकी ऊर्जा असते, हे मी त्यांच्याकडूनच शिकलो.

एवढे महत्त्वाचे काम, पण कौतुक कोणाचे? रोलरांचे! पाहुणे आले की फोटो त्यांचे, टाळ्या उस्तादांना. माझ्याकडे कोणी वळलेच तर माझ्या खिळ्याला टोपी अडकवायला. माझा नुसता जळफळाट होई.

रोलर निदान माझ्याच घरातले होते. पण एके दिवशी एक निळी गाडी आली आणि तिच्यातल्या स्क्रीनला मी पहिल्या क्षणापासून पाण्यात पाहू लागलो. हातभर लांब, आरशासारखी लख्ख, वर गोड आवाजात बोलणारी! उस्ताद उतरल्यावर म्हणाले, “बाई, काय स्क्रीन आहे हो! सगळं आपणहून सांगते. उद्या आपल्याला घरीच बसवणार ही.”

तीनशे किलोमीटर झाल्यावर स्क्रीनने सांगितले, बेचाळीस युनिट लागले. म्हणजे शंभराला चौदा. दुसऱ्या दिवशी गाडी भरून झाली तेव्हा माझ्यावर आकडा होता अठ्ठेचाळीस. म्हणजे शंभराला सोळा.

गाडीच्या कंपनीचा प्रतिनिधी माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मला वाटले, चला, कोणीतरी बघितले! पण त्याने नाक मुरडले.

“हे डबडं किती वर्षांचं आहे?”

“बारा,” बाई म्हणाल्या.

“मग म्हातारचळ लागलाय त्याला. आमची स्क्रीन चौदा दाखवतेय. चौदाच लिहा.”

“लोक गाडी भिंतीतून चार्ज करतात, स्क्रीनमधून नाही. मी सोळा लिहिणार.”

प्रतिनिधी थेट चाचणीशाळेच्या साहेबांकडे गेला. साहेब बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. “बाई, मीटर तपासणीला पाठवू या. तो चुकीचा निघाला, तर बारा वर्षांच्या अहवालांवर तुमचीच सही आहे, लक्षात आहे ना?”

बाईंच्या हातातले पेन थांबले. “आहे,” त्या हळूच म्हणाल्या. मग त्यांनी स्वतःच मला भिंतीवरून उतरवले आणि स्वतःच्या शालीत गुंडाळले. बारा वर्षांत प्रथमच मला कोणीतरी दोन्ही हातांनी धरले होते.

तपासणीच्या खोलीत मी नऊ दिवस पडून होतो. खरे सांगतो मित्रांनो, पहिले काही दिवस माझ्या मनात बाईंचा विचारच नव्हता. ती स्क्रीन खोटी ठरावी, सगळ्यांसमोर तिचे तोंड काळे व्हावे, एवढीच इच्छा होती. पुढे वाटू लागले, खरेच माझे काही बिघडले असेल तर? मग मात्र बाईंचे थांबलेले पेन आणि ती शाल आठवली आणि माझी स्वतःचीच मला लाज वाटली.

तपासनिसाने निकाल लिहिला: मीटर अचूक आहे. माझा जीव भांड्यात पडला.

मी भिंतीवर परतलो. पुन्हा चाचणी झाली. पुन्हा चौदा आणि सोळा! आता बाई त्या स्क्रीनला कशा फैलावर घेतात, ते ऐकायला मी आतुर झालो होतो. पण त्या प्रतिनिधीला म्हणाल्या, “तुमची स्क्रीनही खोटी नाही हो. बॅटरीतून जेवढी वीज बाहेर पडली, तेवढी ती सांगते. पण भिंतीतून निघालेली सगळी वीज बॅटरीत पोचत नाही. काही चार्जरमध्ये, काही बॅटरीत भरताना, उष्णता होऊन जाते. हे दोन युनिट तिथे गेले. गाडी घेणाऱ्याला ते भरावेच लागतात, म्हणून लेबलावर सोळा.”

प्रतिनिधीने मान डोलावली. साहेबांनीही अहवालावर सही केली. माझा विजय झाला होता, पण मला त्याची मजाच येईना. कारण हरले कोणीच नव्हते.

पुढे दोन वर्षांनी माझ्या शेजारी नवा मीटर आला. सडपातळ, दिमाखदार. माझ्या पोटात दुखू लागलेच. स्वभावाला औषध नाही. बाईंनी महिनाभर आम्हा दोघांना एकाच तारेवर ठेवले. मी रोज त्याची चूक शोधत होतो. तिसाव्या दिवशी बाईंनी दोन्ही आकडे मोठ्याने वाचले. दशांशापर्यंत तेच! ज्याच्यावर मी महिनाभर जळलो, तो महिनाभर माझीच बाजू सांगत होता.

आता मी कपाटात असतो. मित्रांनो, एवढेच मागणे आहे. कुठलाही आकडा दिसला, की तो कुठे उभे राहून मोजला, हे जरूर विचारा. आणि जो तुमच्यासाठी मोजतो, त्याची वर्षातून एकदा तपासणी करा. संशय म्हणून नव्हे, काळजी म्हणून. परवा बाई नव्या मीटरला तपासणीला घेऊन निघाल्या. त्याच्या तोंडचे पाणी पळाले होते. मी आतून ओरडलो, “घाबरू नकोस रे धाकट्या, तू बरोबर आहेस!”